केसपेपर मोफत झाला, पण तो वाचता कधी येणार?

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार मोफत केले. केसपेपरचे पैसे माफ झाले. गोरगरिबांच्या खिशाला लागलेली एक गळती थांबली, म्हणून या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तो केसपेपर हातात घेऊन रुग्ण जेव्हा घराकडे निघतो, तेव्हा त्यावर काय लिहिले आहे हे त्याला कळते काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही तो विचारणार आहोत. कारण तातडीच्या उपचारानंतर माणूस जगेल की दगावेल, हे अनेकदा दवाखान्याच्या फाटकाबाहेर ठरते.

नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील बाजाराचे मोठे गाव. भोवतालच्या खेड्यांतील बौद्ध वस्त्या, मातंग वस्त्या, बंजारा तांडे, आंध आदिवासींची घरे, अल्पभूधारक आणि भूमिहीन मजूर यांना रात्री-अपरात्री काही झाले तर अशाच गावच्या सरकारी दवाखान्याचा आधार असतो. कोणाला साप चावलेला असतो, कोणाला कुत्रा. कोणी फवारणी करता करता बांधावर कोसळलेला, कोणी मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला. कोणाचे लेकरू जुलाब-उलट्यांनी मलूल पडलेले. जास्त झाले तर नांदेड किंवा हिंगोली. कमी असले तर सलाईन, इंजेक्शन, चार गोळ्या आणि सुट्टी. सुट्टी देताना हातात कागद पडतो. त्यावर इंग्रजीत घाईने ओढलेल्या रेघा आणि ओ.डी., बी.डी., टी.डी.एस., एस.ओ.एस. अशी अक्षरे. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, गरज पडली तर, एवढाच त्यांचा अर्थ. मराठीत चार शब्दांत मावणारी गोष्ट बाळापूरच्या मजुराला लॅटिनमध्ये सांगितली जाते! हे आम्ही कोणा एका दवाखान्याविषयी बोलत नाही. राज्यभरची रीतच अशी आहे.

ही बाब किरकोळ आहे असे कोणी समजू नये. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस एकदा टोचून भागत नाही. कातडीत टोचायची असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यावे लागते. स्नायूत द्यायची असेल तर चौदावा दिवसही त्यात येतो. जखम बरी दिसली म्हणून पुढचा डोस चुकवला आणि रेबीज झालाच, तर त्यावर इलाज नाही. मृत्यू जवळजवळ अटळ असतो. डोक्याला मार लागलेला माणूस घरी बोलत-चालत येतो. पण पुढे वारंवार उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला, माणूस जागा होईनासा झाला, तर तासाचाही विलंब न करता परत न्यावे लागते. “झोपू द्या, थकलाय” म्हणणाऱ्या घरच्यांना हे कोणी सांगितले असते काय? सापाच्या विषावरची लस घेतलेल्या रुग्णाला आठ-पंधरा दिवसांनी ताप, अंगावर पित्त, सांधेदुखी होऊ शकते. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत माणूस सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही आमचीच माणसे. ज्यांच्या पाठीवर पंप असतो, त्यांच्याच हातात न वाचता येणारा कागद असतो.

“लोक अडाणी आहेत, सांगून कळत नाही,” हे उत्तर तयारच असते. हे उत्तर खोटे आहे. अमेरिकेत तातडीच्या विभागातून घरी निघालेल्या १४० रुग्णांचा व त्यांच्या नातेवाईकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७८ टक्के लोकांना निदान, उपचार, घरची काळजी आणि परत कधी यावे यांपैकी किमान एक गोष्ट नीट समजलेली नव्हती. आणि आपल्याला समजलेले नाही, हे त्यांतल्या बहुतेकांच्या लक्षातही आले नव्हते. शाळा शिकलेल्या, आपल्याच भाषेत ऐकणाऱ्या माणसांची ही गत! तेव्हा दोष ऐकणाऱ्याच्या डोक्याचा नाही, सांगण्याच्या पद्धतीचा आहे. भीती, वेदना, जागरण यांनी माणूस गांगरलेला असतो. त्याला सावकाश, त्याच्या बोलीत सांगावे लागते आणि “आता तुम्ही घरी काय करणार, ते मला सांगा” असे विचारून त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. समोरचा माणूस आपल्या बरोबरीचा आहे, एवढी जाणीव लागते.

नेमकी तीच जाणीव या व्यवस्थेने हजारो वर्षे नाकारली. ज्ञान मूठभरांच्या भाषेत कोंडून ठेवायचे, बहुजनांनी फक्त हात जोडून ऐकायचे, अर्थ विचारायचा नाही, ही मनुवादाची जुनी रीत. पोथीच्या जागी केसपेपर आला, संस्कृतच्या जागी इंग्रजी आली. रीत तीच राहिली. गरीब माणूस पैशाअभावी किंवा मजुरी बुडते म्हणून सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेतो, तेव्हा कागदावर त्याचा अंगठा मात्र न विसरता घेतला जातो. जबाबदारी झटकण्यासाठी अंगठा हवा, पण त्याच कागदावरचा मजकूर त्याला वाचून दाखवायला वेळ नाही, हा कुठला न्याय?

याच्या उलट तथागतांची शिकवण पहा. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूच्या शुश्रूषेचे नियम आहेत. स्वतःच्या विष्ठेत पडलेल्या आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले, ही कथा तेथलीच. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे शुश्रूषा करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि ते रुग्णालाही ठाऊक असले पाहिजे, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या परंपरेने सांगून ठेवले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती रजेचा कैवार घेतला, तेव्हाही आरोग्य ही कोणाची मेहेरबानी नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे, हीच भूमिका होती.

संविधानाने हा हक्क दिलेला आहे. अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही, त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे असे ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येणे हाही जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण कुत्रा चावलेल्या लेकराच्या आईला पुढच्या सुईची तारीख मराठीत मिळणार नसेल, तर त्या अभिजातपणाचे तिने काय करायचे?

डॉक्टर आणि परिचारिकांवर सगळे खापर फोडणे आम्हाला मान्य नाही. पदे रिकामी, गर्दी अफाट, रात्रपाळीला हात कमी. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा रुग्ण गंभीर अवस्थेत आणले होते, असा खुलासा प्रशासनाने केला. त्या मृत्यूंची चर्चा खाटा, औषधे आणि मनुष्यबळ यांच्या अनुषंगाने झाली, ती व्हायलाच हवी होती. पण “उशिरा आणले” हे वाक्य आम्ही नेहमीच ऐकतो. लवकर केव्हा आणायचे, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याला उशिराचा दोष कसा देता?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णाला अर्ध्या पानाची छापील मराठी चिठ्ठी मिळाली पाहिजे. काय झाले होते, कोणती गोळी केव्हा आणि किती दिवस, काय खायचे आणि काय टाळायचे, पुन्हा कोणत्या तारखेला व वाराला यायचे, आणि कोणती लक्षणे दिसताच १०८ ला फोन करायचा, एवढ्या पाच गोष्टी तिच्यावर हव्यात. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राच्या चित्रांनी वेळा दाखवा. बंजारा, आंध कुटुंबांना त्यांच्या बोलीत समजावणारे माणूस ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराला “महिन्याने या” म्हणून सोडू नका. तो जिथे असेल तिथल्या दवाखान्यात पुढचा डोस मिळेल, असे त्या चिठ्ठीवर लिहून द्या. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना मराठीत समजावून सांगण्याचा धडा पहिल्या वर्षापासून द्या.

आणि शासनाची वाट पाहत बसणे हा आंबेडकरी बाणा नव्हे. आपल्या वस्तीतील शिकलेल्या तरुण-तरुणींनी दवाखान्यातून परतलेल्या प्रत्येक माणसाचा कागद त्याच दिवशी वाचावा, कळला नाही तर आशाताईला, सिस्टरला, डॉक्टरला विचारावे. विहारातील फळ्यावर लसीच्या तारखा लिहाव्यात. रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे यासाठी द्यावीत. आणि प्रत्येक माताभगिनीने दवाखान्यातून पाय काढण्यापूर्वी एक वाक्य न घाबरता म्हणावे: “डॉक्टरसाहेब, हे मला मराठीत समजावून सांगा, त्याशिवाय मी निघणार नाही.” शिका, हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. आपल्याच जिवाचा कागद वाचता येणे, हा त्या शिकण्यातला अगदी पहिला धडा आहे.