संघाचे मनोधैर्य

खेळ म्हटला की जय आणि पराजय ही दोन्ही आलीच. विजयाच्या दिवशी प्रत्येक संघ एकजीव दिसतो. त्याची खरी पारख पराभवानंतर होते.

हरलेल्या खेळाडूंना कठोर शब्द सुनावल्यावाचून त्यांची मने कणखर होत नाहीत, अशी पुष्कळांची समजूत असते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण ते पुढे करतात. म्हण खरी आहे. परंतु टाकी मूर्ती घडविते आणि घण दगड फोडतो, हा भेद विसरून चालत नाही. खडतर सराव ही टाकी होय. चारचौघांत केलेली निर्भर्त्सना हा घण होय.

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी सामन्यात भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कसोटी क्रिकेटमधील भारताची ती नीचांकी धावसंख्या होय. त्यानंतर कर्णधार विराट कोहली ठरल्याप्रमाणे मायदेशी परतला आणि नेतृत्वाची धुरा अजिंक्य रहाणे याच्याकडे आली.

मेलबर्नच्या पुढील सामन्यात रहाणेने शतक झळकविले. रवींद्र जडेजाच्या अर्धशतकाला एक धाव उणी असताना चोरटी धाव घेण्याच्या प्रयत्नात रहाणे ११२ धावांवर धावचीत झाला. तरीही परतताना त्याने जडेजालाच धीर दिला. भारताने तो सामना ८ गडी राखून जिंकला. सिडनी येथे हनुमा विहारी पायाच्या आणि रविचंद्रन अश्विन पाठीच्या वेदना सोशीत चाळीसहून अधिक षटके खेळले व त्यांनी सामना अनिर्णित राखला. अखेर १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. त्या मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलियाचा संघ एकही कसोटी सामना हरला नव्हता.

केवळ मनोधैर्याने सामने जिंकता येत नाहीत. त्यासाठी कौशल्य हवेच. परंतु चूक झाल्यास आपले साथीदार आपल्याला टाकून देतील, ही धास्ती ज्याच्या मनात असते, त्याचे कौशल्यही ऐन वेळी दगा देते. स्वतःच्या बाबतीत कठोर आणि साथीदाराच्या बाबतीत उदार, अशी माणसे ज्या संघात असतात, तो संघ पराभवाने खचत नाही.

हे तत्त्व आपल्या कबड्डीच्या नियमातच गोविलेले आहे. बाद झालेला गडी कितीही बलवान असला, तरी तो स्वतःच्या बळावर मैदानात परतू शकत नाही. साथीदारांनी प्रतिपक्षाचा गडी बाद केला, म्हणजेच तो पुन्हा जिवंत होतो. शाळेच्या संघातील प्रत्येक विद्यार्थ्याने हा नियम खेळापुरताच नव्हे, तर वर्तनातही पाळावा.