कॉलेज निवडताना शनिवार बघा

परवा टेंभी नाक्याला ताईकडे गेलो, तर घरात ऑप्शन फॉर्मचं रणकंदन चालू होतं. भाच्याला सीईटीत बरे मार्क पडलेत. भावोजींची एक्सेल शीट तयार : कॉलेज, ब्रँच, कटऑफ, प्लेसमेंट. आता हा पठ्ठ्या नववीपासून डोंगरात भटकतोय, सुट्टी दिसली की कसारा लोकल पकडतो. "ह्यात डोंगराचा कॉलम कुठाय?" मी विचारलं. भावोजींनी लगेच एक ब्रोशर पुढे केलं. "ह्यांचा ॲडव्हेंचर क्लब आहे की!" फोटोत हेल्मेट घालून दोरीला लटकलेली चार पोरं.

झालं, माझं डोकं फिरलं.

मंडळी, असाच फोटो बघून मीही एका कॉलेजात गेलो होतो. चार वर्षांत तो क्लब दोनदा बाहेर पडला, त्यातला एकदा वॉटर पार्कला! शनिवारी प्रॅक्टिकल, रविवारी जर्नल. फायनल इयरला माझे ट्रेकचे बूट माळ्यावर गेले ते गेलेच.

मुळात डोंगरात न्यायला कॉलेज लागतंच कशाला? आपल्याकडे ते काम गिर्यारोहण संस्था करतात. 2012च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमीचे आठ जण एव्हरेस्टवर पोचले, ते काही कॉलेजच्या जिमखान्यातून नाही. (सीओईपीचा बोट क्लब आहे, मान्य. पण त्यांच्या दाराशी नदी आहे हो!) कॉलेजने फक्त पोराला वेळ द्यावा. आणि नेमकं हेच कुठल्या ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

म्हणून कॅलेंडर बघा. आपल्या नाक्यावरची देवी उठली की कडे वाळायला लागतात, क्लाइंबिंगचा सीझन सुरू होतो. आणि त्याच सुमारास सबमिशन आणि सेमिस्टरची परीक्षा! उत्तरकाशीचा बेसिक कोर्स 28 दिवसांचा, तो करायचा तर सलग महिना मोकळा हवा. ऑटोनॉमस कॉलेजं परीक्षांच्या तारखा स्वतः ठरवतात, त्यामुळे कॉलेजागणिक फरक पडतो. तिथल्या सीनियरला गाठा आणि विचारा : शनिवारी सुट्टी असते का? हजेरीची कटकट किती?

दुसरं म्हणजे प्रवास. भावोजींचा पहिला नंबर थेट पनवेलच्या पलीकडे. जाऊन-येऊन चार तास, म्हणजे पाच दिवसांत वीस! असा पिळून निघालेला पोरगा रविवारी पहाटे आसनगावला उतरून माहुली चढेल? झोपेल तो. त्यापेक्षा ठाणे-कल्याणच्या टापूतलं कॉलेज दोन नंबर खालचं असलं तरी घ्यावं. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याला, एक कर्जतला, आणि रस्त्याने मुरबाडमार्गे गोरखगड, नाणेघाट, माळशेज. अजून काय पाहिजे?

"ट्रेकिंगने पोट भरणार का?" भावोजी.

नाही भरणार. पोट इंजिनियरिंगनेच भरायचंय, आणि ते दोन्हीकडे सारखंच शिकवतात. कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर चांगलं कॉलेज घ्या, मी कशाला नाही म्हणू? पण इथे भांडण चाललंय दीड पर्सेंटाइलवर! एवढ्या वर्षांत माझा कटऑफ ऑफिसात कोणी विचारलेला नाही. डोंगरात शेवटचा कधी गेलास, हे मात्र मीच मला दर सोमवारी विचारतो.

भाच्याने गुपचूप शीटमध्ये 'शनिवार' नावाचा कॉलम टाकलाय. भावोजींनी अजून तो डिलीट केलेला नाही. फॉर्म लॉक करायची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे...