पोचा राहू द्या

आमच्या पुण्याच्या पुतण्याचा परवा फोन आला. "काका, तुमची प्रिया मला द्या. अशी करून देतो, की कालच शोरूममधून काढल्यासारखी दिसेल!" फोनवर तो मला बोलूच देत नाही, म्हणून उत्तर इथे लिहितोय. वाचतो तो हे सगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : प्रिया म्हणजे आमची स्कूटर. इथेच साताऱ्यात, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ साली ही कंपनी काढली. कारखाना गावात, पण मास्तरला गाडी मिळायला सहा वर्षं लागली. १९७७ मध्ये नाव नोंदवलं, १९८३ मध्ये ती दारात आली. सौ. म्हणाली, "घरात एक असताना दुसरी आणलीत, आणि नाव काय तर म्हणे प्रिया!"

हल्ली जुन्या गाड्यांचं फार कौतुक चाललंय. कुणी येझदी शोधतो, कुणी लॅम्ब्रेटा, कुणी पद्मिनीसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात दर रविवारी एखादा हॅंडल नाहीतर आरसा धुंडाळत बसतो. चांगलं आहे. भंगारात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी हाताखाली गेलेली बरी. पण त्या कौतुकाबरोबर "काय ते दिवस होते!" असं कुणी म्हणालं, की मला गप्प बसवत नाही.

काय होते हो ते दिवस? रांगेचे होते. परकीय चलन मोजणाऱ्याला रांगेबाहेर स्कूटर मिळायची, आणि आमच्यासारखे पावती जपून वर्षं मोजायचे. कित्येक लग्नं स्कूटरवरून अडायची. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी जावयाच्या स्कूटरसाठी शेत गहाण टाकलेलं मी पाहिलंय. आणि गाडी तरी काय शहाणी होती? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ते जरा जास्त झालं की मागे धुराचा लोट. प्लग काळा झाला की शाळेच्या दारात पॉलिश पेपरने घासत बसायचं. पावसात सुरू होईना म्हणून आडवी करायची, पुन्हा उभी करायची, किका मारून पिंढरी दुखायची. डिकीत डब्याशेजारी क्लचची केबल कायम असायची, कारण ती कुठे तुटेल त्याचा नेम नसे. मुलं वर्गाच्या खिडकीतून बघत हसायची. (त्यातला एकजण आज गॅरेज चालवतो. मराठीत नापास व्हायचा, पण कार्बोरेटर उत्तम साफ करतो.)

हे सगळं पुसून फक्त चकचकीत पत्रा ठेवायचा, याला मी जतन म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या प्रियाच्या डाव्या डिकीला एक पोचा आहे. १९८६ च्या जुलैत यवतेश्वरच्या घाटातून उतरताना गाडी घसरली. पुढे चार वर्षांचा मुलगा उभा, मागे सौ. मुलाला ओरखडाही नाही, सौ.चं कोपर फुटलं. चूक माझीच होती, उतारावर निसरड्यात नको तेवढा ब्रेक दाबला. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बाजाराला निघालो तेव्हा न बोलता मागे बसली, आणि उतरताना नेमका त्या पोच्यावर हात ठेवला. पुढे ती सवयच झाली. तिथला फिकट निळा रंग उडून गेलाय तो गंजाने नाही, तिच्या हाताने. २०१९ मध्ये ती गेली. मीही त्यानंतर गाडी काढलेली नाही, गुडघा किक मारू देत नाही.

तर बाळा, तो पोचा ठोकून काढायचा नाही.

तू म्हणालास तिला 'व्हिंटेज' करू. २०२१ चे केंद्राचे नियम मी वाचलेत. पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी हवी. नवीन नोंदणीचे वीस हजार रुपये. आणि एवढं करून ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही! आमची प्रिया २०३३ मध्ये पन्नाशीची होईल, तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन. स्कूटर ही बाजारातून मेथीची जुडी आणायला असते. रांगोळी काढून मध्ये उभी करायला नसते. तिची नोंदणी साधीच चालू ठेव. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचे दोन हजार लागतात, ते मी देईन.

इंजिन खुशाल खोल. रिंगा बदल, केबली सगळ्या नव्या घाल, टायर तर हवेतच. सीटचं रेक्झिन फाटलंय, तेही कर. रंगाच्या डब्याला मात्र हात लावू नकोस. 'चेतक' हे नाव २०२० पासून विजेच्या स्कूटरवर आलंय. नवं कोरं हवं असेल तर ती घे, आवाजही करत नाही म्हणे.

येत्या रविवारी टेम्पो घेऊन ये. टाकी मी रिकामी करून ठेवली आहे, तळाशी बोटभर गंज निघाला. किल्ली देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. गाडी टेम्पोत चढवताना उजवीकडून धर.