खैरात कशाला म्हणावी?



बेणे वाटप सुरू झाले की गटागटांतून एक वाक्य कानी येते, "कारखान्यानं खैरात लावलीय, घ्या घ्यायचं तेवढं!" ऊसबिल निघाले तरी कोणी हाच शब्द वापरतो. म्हणून त्याचा थोडा विचार व्हावा.

'खैरात' हा शब्द मूळचा अरबी. 'खैर' म्हणजे भले, कल्याण. "आता तुझी खैर नाही" म्हणतो, त्यातला खैर तोच. पुण्यासाठी केलेला दानधर्म म्हणजे खैरात. पण आपल्या बोलण्यात अर्थ जरा घसरला. मागचापुढचा विचार न करता वाटत सुटणे म्हणजे खैरात, असे आपण समजतो. 'आश्वासनांची खैरात' म्हणताना आपण टोमणाच मारतो.

खैरातीला दोन गोष्टी लागतात. वस्तू देणाऱ्याची स्वतःची असावी आणि घेणाऱ्याचा तिच्यावर हक्क नसावा.

आता ऊसबिल बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. हा घामाचा दाम आहे, खैरात नव्हे.

बेण्यावरचे अनुदान कारखान्याच्या पैशातून, म्हणजे सभासदांच्याच पैशातून जाते. ते आम्ही नोकरमंडळींनी "आम्ही दिलं" म्हणून मिरवणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

पण याला दुसरी बाजूही आहे. मूलभूत बेण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बेणे तयार व्हायला एकेक हंगाम जातो. दोन डोळ्यांची टिपरी एकरी दहा हजार पुरतात. तरी काही जण फुकटचं समजून जादा मोळ्या नेतात. त्या बांधावर वाळतात, नाहीतर जनावरांपुढे पडतात. तिकडे शेजारच्या शिवारातला सभासद जुन्या खोडव्याचंच बेणं लावतो, आणि त्याच्या फडात काणी, गवताळ वाढ दिसू लागते. त्याच्या वाट्याचे बेणे कोणी नेले?

आमचे मत स्पष्ट आहे. खैरातीचा हिशेब कोणी ठेवत नाही, हक्काचा ठेवावा लागतो. तेव्हा लागणीच्या क्षेत्राप्रमाणेच गट ऑफिसात मागणी नोंदवा, नेलेले बेणे लावा आणि दर तीन-चार वर्षांनी बदला. आणि हिशेब आम्हालाही जरूर विचारा. मालक तुम्ही आहात.

— ऊस विकास अधिकारी