पोपट झाला तरी बोला!

शुक्रवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. एका क्लायंटकडे ३ महिन्यांचं पेमेंट अडकलंय, सकाळी त्याला फोन करायचाय, आणि मी काय करतेय? गेम खेळतेय! २०१९चा 'डिस्को एलिझियम'. त्यातला डिटेक्टिव्ह माझ्यासारखाच कडकीत. राहत्या जागेचं बिल थकलंय आणि मॅनेजर समोर उभा.

एक ऑप्शन आला : पळून जा. फासे पडले, आकडा कमी! मग आमचे हीरो पळता पळता गर्रकन वळले, मॅनेजरला मधलं बोट दाखवलं आणि थेट व्हीलचेअरवरच्या आजींवर जाऊन आदळले. मी हसून हसून बेजार.

रोल प्लेइंग गेम बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच. खेळणाऱ्याचं स्किल कमी असेल तर त्याला बोलू द्यायचं की नाही? २००८च्या 'फॉलआउट ३'मध्ये वाक्यापाशी यशाचे टक्के दिसतात. फक्त २० टक्के? नो प्रॉब्लेम! आधी गेम सेव्ह करायचा, पोपट झाला की पुन्हा लोड. जमेपर्यंत. संवाद कसला, लॉटरीच ती.

२०१०च्या 'न्यू वेगास'ने नशीबच काढून टाकलं. 'स्पीच' ५० हवं म्हणजे ५०च. वर, कमी पडणाऱ्यांसाठी लेखकांनी खास बावळट वाक्यं लिहिली. फजिती होणार हे दिसतंय, तरी बोलून बघायचा मोह होतोच! पण यातही एक गोची आहे. स्किल पुरेसं असलं की बोट आपोआप त्याच वाक्याकडे जातं. समोरचा काय म्हणतोय, ते ऐकतंय कोण?

'डिस्को'ची आयडिया मला म्हणूनच आवडते. तिथे दोन फासे, त्यात तुमचं स्किल मिळवायचं. पांढरा चेक हुकला, तर स्किल वाढवून पुन्हा ट्राय करता येतो. लाल मात्र एकदाच. पण हरलात तरी गोष्ट थांबत नाही, भलत्याच वळणाने पुढे जाते. म्हणजे जिंकणाऱ्याइतकीच मेहनत हरणाऱ्याच्या संवादावरही घ्यायची. सोपं नाही हं!

शनिवारी सकाळी फोन लावला. रात्री पाठ केलेलं स्मार्ट वाक्य ऐनवेळी गायब. तोंडातून निघालं, "सर, ते... म्हणजे... घरभाडं द्यायचंय हो मला." पलीकडे शांतता. मग, "बघतो."

पैसे अजून आलेले नाहीत. पण सोमवारी त्यांचंच नवीन काम आलं, तेव्हा मी न अडखळता म्हटलं, "आधी जुनं पेमेंट, मग बोलू."

लाल चेक होता. फेल गेला. पण गोष्ट पुढे सरकली ना!