तोरणाखाली पावसाचा सांगावा

आज पोळा. काल सायंकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लागली, आजच्या जेवणाचे आवतण त्यांना रीतसर देण्यात आले, आणि आज वर्धा जिल्ह्यातील गावोगावी आखरावर तोरण बांधले जाईल. झूल, बाशिंग, नवा कासरा. मग झडत्या, मारुतीचे दर्शन आणि घरी गृहिणीने ओवाळून भरविलेली पुरणपोळी. उद्या तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहावयास दूरदूरची माणसे लोटतात, हे वाचकांस ठाऊकच आहे.

परंतु तोरणाखाली उभ्या असलेल्या मंडळींचे बोलणे अखेर पावसावरच येते. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, याची चर्चा आमच्या श्रद्धाळू घरांत आजही होते, आणि तीत आम्हांस काही वावगे वाटत नाही. आता त्याच मंडळींपैकी कोणी खिशातून मोबाईल काढून आलेला संदेश वाचून दाखवितो आणि वाद सुरू होतो: पंचांग खरे की मोबाईल?

आमच्या मते हा वादच अस्थानी आहे. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागावयाचे व बाकीवरून वाहन ठरवावयाचे, अशी पंचांगाची रीत. ते वाहन साऱ्या महाराष्ट्राला एकच. पाऊस मात्र सेलूला कोसळतो आणि समुद्रपूरला पाठ फिरवितो. पंचांग ऋतूचा काळ सांगते. आपल्या शिवाराचा मेघ सांगण्याचे काम त्याने कधी अंगावर घेतलेच नव्हते.

ते काम किती मोलाचे आहे, हे कोरडवाहू शेतकऱ्यालाच विचारावे. देवळी-हिंगणघाटकडील कापूस, सोयाबीन, तूर ही सारी पिके मृगा-आर्द्राच्या पावसावर उभी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पण शेजाऱ्याचे तिफण चालू झालेले पाहून कोणाचा धीर टिकतो? दोन सरी येतात, बियाणे मातीत जाते आणि आभाळ कोरडे पडते. २०२५ साली बीटी कपाशीच्या एका पाकिटाची किंमत ९०१ रुपये होती. दुबार पेरणी म्हणजे ती पाकिटे पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि बहुधा सावकाराची पायरीही पुन्हा. त्या पायरीवरून किती घरांतले दिवे विझले, ते विदर्भात कोणास सांगावयास नको.

२०२५ सालचाच दाखला घ्या. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. सारे हर्षले. मग तो जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांस मोबाईलवर पावसाच्या आगमनाचा अंदाज, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, चार आठवडे आधीपर्यंत कळविला. ज्या पाच भाषांत तो गेला त्यांत मराठी होती. मधल्या खंडाची सूचना त्या अंदाजांत होती. पुढे मध्य प्रदेश व बिहारमध्ये विचारणा झाली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी पेरणीचा बेत त्यानुसार बदलल्याचे सांगितले.

मोबाईलला देवत्व देण्याचा आमचा हेतू नाही. अंदाज चुकतात. 'शक्यता आहे' आणि 'येणारच' यांतील अंतर संदेश पाठविणाऱ्यांनी नीट उलगडून सांगितले पाहिजे. एकदा फसलेला शेतकरी दुसऱ्यांदा संदेश उघडतच नाही. २०१९ मध्ये आलेल्या 'मेघदूत' ॲपवर दर मंगळवारी व शुक्रवारी सल्ला मिळतो, पण त्यासाठी स्मार्टफोन हवा. शिवाय घरातला फोन धन्याच्या खिशात, आणि निंदणास बाई शेतात! आकाशातल्या विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले. तो इशारा झाडाखाली आडोसा शोधणाऱ्या त्या माउलीपर्यंत पोहोचतो काय? अंदाज घेऊन शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारे माणूसही हवेच. देशातील १९९ जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांशी जोडलेली हवामान सल्ला केंद्रे २०२४ साली बंद करण्यात आली. तो निर्णय आम्हांस पटलेला नाही.

तोवर गावाने आपल्यापुरते एक करावे. आज सारे गाव आखरावर जमणारच आहे. झडत्या संपल्यावर, तोरण तुटण्यापूर्वी, एखाद्या शिकल्या मुलाने येत्या पाच दिवसांचा अंदाज मोठ्याने वाचावा; पुढे दर मंगळवारी व शुक्रवारी मारुतीच्या देवळातील आरतीनंतर, बायाबापड्या तेथे असतानाच, तो वाचला जावा. पोळ्यानंतर सोयाबीन कापणीस येते, हस्ताच्या सरींचा नेम नसतो आणि गंज्या उघड्या शेतात उभ्या असतात. ताडपत्री आज आणावी की परवा, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.