मनोऱ्याची भीती आणि नगरपरिषदेचे कर्तव्य

जळगाव-भुसावळ महामार्गावरील नशिराबाद काल-परवापर्यंत जिल्ह्यातील एक मोठी ग्रामपंचायत होती. आज तेथे नगरपरिषद आहे. गावाचे शहर होताना ज्या गोष्टी अपरिहार्यपणे येतात, त्यांत मोबाइलचा मनोराही येतो. त्याच्या मागोमाग कर्करोगाची चर्चा येते, सह्यांचे निवेदन येते आणि गच्ची भाड्याने देणारा शेजारी एकाएकी साऱ्या आळीचा वैरी ठरतो. खानदेशातील कोणत्या गावाला हे नवे आहे? (त्याच आळीत ‘रेंज’ मिळत नसल्याची तक्रारही तितक्याच तावातावाने होत असते, हा भाग वेगळा.)

या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणवणे आम्हांस मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेच 2011 मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ असलेल्या गटात घातल्या. भारत सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कठोर मर्यादा लागू केली. 2017 मध्ये ग्वाल्हेरच्या एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने शेजारचा मनोरा बंद करविला. तथापि जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीने आरोग्याचे कारण देऊन मनोऱ्याविरुद्ध केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केला, तो शास्त्रीय पुराव्याच्या अभावीच. केवळ भीतीच्या पायावर उभा केलेला ठराव न्यायालयाच्या पायरीवर टिकत नाही, हा धडा तेथून घ्यावयास हवा.

मग टिकते काय? त्यासाठी मनोऱ्याचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे. अँटेनाचा झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे बहुतांशी आडवा, समोर जातो. त्यामुळे मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी लहरींचे प्रमाण अल्प असते. खरा प्रश्न असतो तो अँटेनाच्या उंचीवर, तिच्या तोंडासमोर आणि जवळ असलेल्या खोलीचा. नशिराबादसारख्या गावात हीच गोष्ट दुर्लक्षित राहते. मनोरा उभारताना भोवती बैठी घरे असतात. पुढे मुलाचे लग्न ठरते, घरावर मजला चढतो, मग आणखी एक. आणि जो झोत घरांच्या डोक्यावरून जात होता, त्याच्याच वाटेत नव्या सुनेची खोली येते. मनोरा जागचा हललेला नसतो, कंपनीने नियम मोडलेला नसतो, आणि तरीही परिस्थिती पार बदललेली असते.

केंद्राने 2022 मध्ये नियम बदलून खासगी जागेवरील मनोऱ्याला स्थानिक संस्थेच्या परवानगीची अट काढून टाकली. पूर्वसूचना आणि अभियंत्याचा दाखला एवढेच उरले. स्थानिक स्वराज्याचा हा संकोच आम्हांस खटकतो. पण घरावर मजला चढविण्याची परवानगी कोण देते? नगरपरिषदच ना? तेव्हा गावातील प्रत्येक मनोऱ्याची, त्याच्या अँटेनांच्या उंचीची व दिशेची नोंदवही नगरपरिषदेने ठेवावी आणि बांधकाम परवानगी देताना ती उघडून पाहावी. त्यासाठी दिल्लीच्या संमतीची गरज नाही.

राहिला मोजणीचा प्रश्न. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या शासकीय व्यवस्थेत कोणाही नागरिकाला आपल्या घराशी मोजणी मागता येऊ लागली. परंतु तिचे शुल्क 4000 रुपये ठेवण्यात आले. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने ते कोठून भरावे? नगरपरिषदेने आपल्या उत्पन्नातील अल्पसा भाग मोजणीसाठी राखून ठेवावा. आमच्या कार्यकर्त्यांनी सह्यांच्या मोहिमेऐवजी एवढी एकच मागणी नगरपरिषदेपुढे लावून धरावी: अँटेनासमोरच्या घरांतील मोजणीचे आकडे, मर्यादेच्या आकड्याशेजारी, मराठीत लिहून कार्यालयाच्या फलकावर लागले पाहिजेत.